नळीवरचं नाव शेवटी वाचा: जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल ओळखायची कशी

२०१४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या मंडळींना ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक रायफल सापडली. लाकूड उन्हापावसानं करडं पडून भेगाळलेलं, नळी गंजून तांबूस झालेली, दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं. खोडाच्या रंगात ती इतकी मिसळून गेली होती की शेजारून जाणाऱ्यालाही चटकन दिसली नसती. कुणीतरी ती तिथं टेकवली आणि परत न्यायला आलाच नाही.

झळाळी गेलेली, लाकूड फाटलेलं, तरी ती ओळखता आली. धातूवर ‘मॉडेल १८७३’ ही अक्षरं होती आणि खालच्या बाजूला क्रमांक होता. वायोमिंगमधल्या कोडी गावी बंदुकांचं जे संग्रहालय आहे, तिथं विंचेस्टर कारखान्याच्या मूळ वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत हा क्रमांक मिळाला: रायफल १८८२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली होती. कुणी घेतली, कुठं गेली, याची नोंद नाही.

या विषयात नव्यानं आलेल्या माणसाला मी ही हकीकत सगळ्यात आधी सांगतो. कारण नव्या माणसाचे डोळे चकाकीकडे आणि नळीवरच्या मोठ्या नावाकडे जातात, आणि फसवणूक नेमकी तिथंच होते. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडील लेथवर काम करायचे. कुठलाही पार्ट हातात आला की ते म्हणायचे, “आधी जोड बघ, पॉलिश नंतर.” आता कोलोरॅडोत राहून सुट्टीच्या दिवशी जुन्या बंदुकांची प्रदर्शनं पालथी घालतो, तेव्हाही माझी पद्धत तीच आहे. यंत्र आधी, जोड मग, नाव शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

पायरी १: रिकामी आहे का, ते स्वतः बघा

समोरचा माणूस “रिकामीच आहे” म्हणाला तरी बघायचं. नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापाच्या बाहेर. मालकाची परवानगी घेऊन लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची कडी, पूर्ण खाली ओढा आणि नळीच्या मागच्या घरात नजर टाका, करंगळीनं चाचपा. बहुतेक लिव्हर रायफलींचं मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा साठा, ही नळीखाली बसवलेली दुसरी नळी असते. आतली स्प्रिंग थकलेली किंवा गंजलेली असेल तर एखादं काडतूस तिथंच अडकून राहतं आणि चार वेळा लिव्हर हलवल्यावर अचानक वर येतं. म्हणून मॅगझीनमधलं स्प्रिंगचं टोक डोळ्यांना दिसेपर्यंत रायफल रिकामी मानायची नाही.

नेवाडातल्या त्या रायफलीचा कोडीला नेल्यावर एक्स-रे काढला होता. नळीत काही नव्हतं. पण दस्त्याच्या आत, साफसफाईची कांडी ठेवायच्या पोकळीत, एक अख्खं काडतूस निघालं!

आणखी एक. रिकाम्या जुन्या बंदुकीचा चाप ओढून ‘टक्’ करून बघू नका. शंभर-सव्वाशे वर्षांची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोसा देणारी खीळ, त्यात तुटते. घोडा, म्हणजे त्या पिनवर आपटणारी मागची हातोडी, उतरवायचा असेल तर अंगठ्यानं धरून हळू उतरवा.

पायरी २: दहा पावलं मागे उभे राहा

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे काय, ते तीन वाक्यांत. चापाभोवतीची कडी लांबवून तिला बोटं अडकवायचा वळसा दिलेला असतो. ती खाली ओढली की बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा चढतो आणि नवं काडतूस वर उचललं जातं. वर मिटली की ते काडतूस नळीत बसून मागचं दार बंद होतं.

आता लांबूनच स्वतःला तीन प्रश्न विचारा. घोडा बाहेर दिसतो का? मॅगझीन कुठं आहे? नळीखाली हाताला धरायला लाकूड आहे का?

घोडा दिसतच नसेल आणि रिसीव्हर, म्हणजे यंत्र सामावणारी मधली धातूची पेटी, मागे गुळगुळीत उतरत गेली असेल, तर ती बहुधा सॅव्हेज १८९९ (आधी कारखान्याचं नाव, मग मॉडेलचा आकडा). जमैकातल्या किंग्स्टनला जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजनं तिच्यात फिरत्या चक्रीचं मॅगझीन घातलं. डाव्या बाजूला एक बारीक खिडकी असते, त्यात आत किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो. पहिल्यांदा ही खिडकी पाहिली तेव्हा मी किती तरी वेळ ती न्याहाळत बसलो होतो.

चापाच्या पुढे खाली पेटीसारखं मॅगझीन लोंबत असेल तर विंचेस्टर १८९५. तिच्या रिसीव्हरच्या माथ्यावर क्लिप बसवायच्या दोन खाचा असतील तर ती रशियाच्या मागणीची असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या महायुद्धात रशियानं अशा जवळपास तीन लाख घेतल्या.

घोडा उजव्या अंगाला आणि काडतुसं दस्त्याच्या मागच्या टोकातून आत जात असतील तर स्पेन्सर. सात काडतुसं बसायची, पण लिव्हरनं घोडा चढत नसे. तो दर वेळी अंगठ्यानं चढवावा लागे. अमेरिकेच्या यादवी युद्धात हिनं नाव काढलं. १८६३ च्या ऑगस्टमध्ये खुद्द लिंकननं ती चालवून पाहिली होती.

रिसीव्हर पिवळा आणि नळीखाली लाकूड मुळीच नाही? तर डोळ्यांसमोर हेन्री आहे. बेंजामिन टायलर हेन्रीचं पेटंट १६ ऑक्टोबर १८६० चं. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्ट बनवणारा कारखानदार. न्यू हेवनमधल्या त्याच्या कारखान्यात या रायफली सुमारे चौदा हजार झाल्या. सोळा काडतुसं पुढून भरायची. मॅगझीनच्या तळाशी लांब फट असते आणि तिच्यातून काडतुसं ढकलणारा खुंट बाहेर डोकावतो. दहा-बारा गोळ्या झाडल्या की उघडी नळी हाताला चटका द्यायची, आणि तो खुंट सरकत येऊन डाव्या हाताच्या बोटांवर आपटायचा.

पिवळा रिसीव्हर, पण नळीखाली लाकूड आणि उजव्या बाजूला काडतूस ढकलायची छोटी झडप असेल तर विंचेस्टर १८६६. अमेरिकेत हिचं लाडकं नाव ‘यलो बॉय’. ती झडप नेल्सन किंगची. सगळी गैरसोय तिनं एका फटक्यात संपवली, कारण आता अर्धं भरलेलं मॅगझीनही मध्येच भरता येऊ लागलं.

पायरी ३: बाजूनं बघा, मग लिव्हर उघडा

यापैकी काहीच नसेल, म्हणजे काळसर लोखंडी रिसीव्हर, बाहेर घोडा, नळीखाली मॅगझीन, उजवीकडे झडप, तर आता खरं काम सुरू होतं. प्रदर्शनात दिसणाऱ्या रायफलींपैकी बहुतेक इथंच येऊन पडतात. ही पायरी घाईनं ओलांडू नका.

रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना वेगळी बसवलेली झाकणपट्टी दिसते का, तिच्या कडेची बारीक रेघ शोधा. दिसली तर ही विंचेस्टरच्या जुन्या घराण्यातली: १८७३ किंवा १८७६ (पिवळी १८६६ ही याच घराण्यातली). त्यांचं आतलं कुलूप गुडघ्यासारखं असतं. पाय ताठ केला की त्यावर सगळं वजन पेलता येतं, गुडघा जरा वाकला की पाय लुळा पडतो. तसेच दोन सांधे लिव्हर मिटली की एका रेषेत ताठ होतात आणि बोल्टला मागून रेटून धरतात. चाल लोण्यासारखी मऊ. पण या गुडघ्याची ताकद बेताची, म्हणून काडतूसही बेताचंच.

१८७३ आणि १८७६ दोन्हींच्या माथ्यावर (अगदी सुरुवातीच्या १८७६ सोडून) पुढे-मागे सरकणारं धूळ-झाकण असतं. १८६६ ला ते नव्हतं. मग या दोघींतला फरक कसा कळणार? १८७६ शेजारी ठेवली की १८७३ तिची धाकटी बहीण वाटते. १८७६ चा रिसीव्हर ठळकपणे लांब आणि उंच आहे, कारण तिला .४५-७५ सारखी मोठी काडतुसं पेलायची होती. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी तीच घेतली. एकटीच समोर असेल तर काडतूस वर उचलणाऱ्या पितळी ठोकळ्याची लांबी बघा. अंगठ्याएवढं ठेंगणं काडतूस की बोटभर लांब, हे तिथंच कळतं.

१८७३ च्या धूळ-झाकणाखाली जी सरकपट्टी आहे, तिच्यावर संग्राहक मंडळी तासन्‌तास बोलतात, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यात जुन्या नगांत झाकण कडेच्या खाचांतून सरकतं. पुढच्या नगांत मध्यावर वेगळी पट्टी जोडलेली असते. त्याच्याही पुढे ती पट्टी रिसीव्हरच्याच धातूत कोरून काढलेली. संग्राहक यांना पहिलं, दुसरं आणि तिसरं मॉडेल म्हणतात. क्रमांक कमी आहे पण पट्टी अंगचीच कोरलेली, असं दिसलं की थांबा आणि विचारा.

झाकणपट्टी नाही, रिसीव्हर एकसंध आहे? मग लिव्हर सावकाश उघडा आणि माथ्याकडे बघा. बोल्टच्या दोन्ही अंगांना उभ्या खिट्ट्या खाली सरकताना दिसल्या, दाराच्या उभ्या कडीसारख्या, तर ती यूटा राज्यातल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगनं विंचेस्टरसाठी केलेली रचना. मोठी असेल तर १८८६, तिचीच छोटी आवृत्ती असेल तर १८९२. गुडघ्याच्या जागी दुहेरी खिट्टी आल्यामुळे .४५-७० सारखं दणकट काडतूस लिव्हर रायफलीत आरामात बसू लागलं. माझ्या मते लिव्हर रायफलीच्या इतिहासातली सगळ्यात सुंदर यंत्ररचना १८८६ चीच. ती उघडताना खिट्ट्या ज्या सहजपणे उतरतात, ते एकदा अनुभवाच.

लिव्हर उघडताना रिसीव्हरचा तळच खाली झुकून लिव्हरबरोबर आला, तर ती १८९४. हीही ब्राउनिंगचीच. तिच्यात बोल्टच्या पाठीमागे एकच रुंद अडसर वर येतो. ही खूण इतकी पक्की आहे की अंधारात नुसत्या हातानंही १८९४ ओळखता येते. पुढे सत्तर लाखांहून जास्त नग निघाले, म्हणून सगळ्यात जास्त हीच तुमच्या हाताला लागेल.

आणि रिसीव्हरचा माथा पूर्ण बंद, पुंगळी उजव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते? मग मार्लिन. कारखाना त्याच न्यू हेवन गावातला. १८८९ च्या मॉडेलपासून त्यांनी माथा बंद केला. विंचेस्टरमध्ये रिकामी पुंगळी वरून उडते. मार्लिनचा माथा बंद असल्यामुळे पाऊस-धूळ आत जात नाही, आणि पुढे दुर्बीण बसवायचे दिवस आले तेव्हा हाच बंद माथा मार्लिनच्या कामी आला. मात्र १८८१ आणि १८८८ च्या मार्लिन वरून फेकणाऱ्याच आहेत, म्हणून ‘मार्लिन म्हणजे बाजूनं’ असं डोळे झाकून धरू नका.

व्हिटनी-केनेडी, बुलार्ड, कोल्ट-बर्जेस या क्वचित भेटतील. कोल्टनं १८८३ ते १८८५ एवढीच लिव्हर रायफल काढली, साडेसहा हजारांच्या आत. अशी एखादी समोर आली तर स्वतः निर्णय देऊ नका. फोटो काढा आणि जाणत्याला दाखवा.

पायरी ४: रायफल, कार्बाइन की मस्केट

एकाच मॉडेलचे तीन अवतार असत. शिकाऱ्याची ‘रायफल’ लांब नळीची (मॉडेल १८७३ ची २४ इंच). नळी अष्टकोनी किंवा गोल, पुढच्या लाकडाला धातूची टोपी, दस्त्याचं टोक चंद्रकोरीसारखं. घोडेस्वाराची ‘कार्बाइन’ २० इंच गोल नळीची, नळी आणि लाकूड बांधणारे पट्टे, डाव्या अंगाला खोगिराची कडी. सैन्याची ‘मस्केट’ सगळ्यात लांब, लाकूड जवळजवळ तोंडापर्यंत. तुर्कस्तानच्या उस्मानी सैन्यानं १८६६ च्या मस्केट आणि कार्बाइन मिळून पन्नास हजारांच्या आसपास घेतल्या होत्या आणि १८७७ च्या प्लेव्हनाच्या वेढ्यात त्यांनी रशियन हल्ल्यांची दाणादाण उडवली.

इथं एक सापळा आहे. कार्बाइनला जास्त भाव येतो म्हणून लांब नळ्या कापल्या गेल्या आहेत. इंचाची टेप खिशात ठेवा. नळी बोल्टच्या तोंडापासून मोजायची. २० ऐवजी १९ भरली, किंवा नेम धरायची पुढची माशी नळीच्या टोकाच्या फार जवळ आली, तर कुणीतरी करवत चालवली आहे.

पायरी ५: काडतूस कुठलं?

.४४-४० हे नाव वाचायचं असं: गोळीचा व्यास साधारण .४४ इंच, आणि मूळच्या काडतुसात ४० ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू. ‘चव्वेचाळीस-चाळीस’. १८७३ चं हे गाजलेलं काडतूस. मागाहून .३८-४० आणि .३२-२० आली. १८७३ रायफलीवर हा आकडा पितळी उचलठोकळ्याच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो, पण अगदी जुन्या .४४ वर तो नसतो, कारण तेव्हा दुसरं काडतूसच नव्हतं. १८९४ ही रायफल आधी काळ्या दारूच्या .३२-४० आणि .३८-५५ मध्ये आली. १८९५ साली तिच्यासाठी धूरविरहित दारूचं .३०-३० आलं आणि अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचं गणितच बदललं. अशा नळ्यांवर ‘निकेल स्टील’ आणि धूरविरहित दारूसाठी खास, असा मजकूर असतो.

हेन्री आणि १८६६ साठी .४४ रिमफायर काडतूस होतं, म्हणजे पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत. खात्रीनं पेटावं म्हणून त्यांच्या बोल्टला दोन पिना असत, त्या समोरासमोरच्या कडांवर एकदम आपटत. १८७६ साली मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नला मूळ रहिवाशांशी लढताना अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा पराभव झाला. ते रान १९८३ च्या आगीत जळून मोकळं झालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञांना मातीत पुंगळ्या सापडल्या आणि त्यांच्या कडांवरच्या या जोडखुणांवरून तिथं हेन्री आणि १८६६ चालल्याचं सिद्ध झालं. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्यानं तो बंदूकवाला रणभूमीवर कुठून कुठं सरकला, हेही मांडता आलं.

काडतुसावरून नक्कल पकडायचा सोपा नियम: ‘जुन्या’ १८७३ वर .४५ कोल्ट किंवा .३५७ मॅग्नम लिहिलेलं असेल तर ती अलीकडची आहे. .३५७ मॅग्नमचा जन्मच १९३५ चा.

पायरी ६: आता नाव, क्रमांक आणि तारखा

इथवर आलात की मॉडेल तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. आता अक्षरं वाचायची ती खात्रीसाठी. १८६६, १८७३, १८७६, १८८६ यांचा क्रमांक खालच्या टँगवर, म्हणजे रिसीव्हरची जी शेपटी दस्त्याच्या लाकडात शिरते तिच्यावर. १८९२ आणि १८९४ चा रिसीव्हरच्या तळाशी, पुढच्या टोकाला.

पेटंटची तारीख म्हणजे बनावटीचं साल नव्हे. ही चूक मी दर प्रदर्शनात ऐकतो. १८९४ वर २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख असते, आणि ती १९१५ साली बनलेल्या नगावरही असते. साल ठरतं ते क्रमांकावरून. त्यातही जुने छापील तक्ते आणि कारखान्याच्या वह्या यांचा काही मॉडेलांत मेळ बसत नाही, म्हणून पैसे मोजण्याआधी कोडीच्या संग्रहालयाकडून त्या क्रमांकाचं नोंदपत्र मागवा. कारखान्यातून बाहेर पडताना नळी कुठली होती, काडतूस कुठलं, तारीख काय, हे त्यात येतं. सगळे क्रमांक वह्यांत नाहीत. १८९४ च्या पहिल्या साडेतीन लाखांपर्यंतच नोंदी आहेत. मार्लिनच्या १८८३ ते १९०६ या काळातल्या वह्याही तिथंच आहेत.

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी १८९४ घेतली. क्रमांक १८९८ च्या आधीचा, बोर्डावर ‘सर्व मूळ’. घरी आणून दिव्याखाली धरली तर नळीवर, रिसीव्हरच्या अगदी लगत, लंबगोलात ‘डब्ल्यूपी’ ही दोन अक्षरं. हा विंचेस्टरचा चाचणी-शिक्का, आणि तो सुमारे १९०५ पासून मारायला सुरुवात झाली. नळी बदललेली होती. मूळ रायफलीचे पैसे देऊन मी जोडलेली रायफल घेतली होती, आणि विक्रेत्यानं नंतर एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी बॅटरी खिशात असते. नळी आणि रिसीव्हर जिथं भेटतात, तिथला अर्धा इंच मी नेहमी सगळ्यात जास्त वेळ बघतो.

पायरी ७: जोड बोलतात

लाकूड आणि धातू जिथं भेटतात, तिथून बोट फिरवा. कारखान्यातून आलेलं लाकूड धातूपेक्षा केसभर उंच असतं. पॉलिश पेपर मारून नवं केलेलं लाकूड धातूच्या खाली उतरतं, आणि बोटाला आधी धातूची कड लागते. फोटोत हे कळत नाही. बोटाला मात्र लगेच कळतं.

स्क्रूच्या खाचा बघा. मूळच्या खाचा अरुंद, कडा धारदार. चुकीच्या पेचकसानं उघडलेल्या खाचा फुगतात, कडांना ओरखडे येतात. एखाददुसरा खराब असेल तर बंदूक वापरातली होती एवढंच. सगळे खराब असतील तर ती अनेकदा उघडली गेली आहे. आणि सगळे कोरे करकरीत पण रिसीव्हर झिजलेला, तर स्क्रू नवे.

काळी-निळी झळाळी, म्हणजे ब्लूइंग, नव्यानं केलंय का? गंजानं पडलेल्या खड्ड्यांच्या आतही चकाकी असेल तर गंज आधीचा, रंग नंतरचा. घासकाम झालं असेल तर अष्टकोनी नळीच्या कडा गोलावतात आणि अक्षरांची एक बाजू उथळ होते. जुन्या मार्लिनवर आणि सुरुवातीच्या १८८६ वर ढगाळ, निळे-तपकिरी रंग दिसतात. लोखंड हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात तापवून पाण्यात विझवलं की ते येतात. अस्सल जुने रंग उघड्या जागी उडालेले आणि कानाकोपऱ्यांत टिकलेले असतात. सगळीकडे सारखेच गडद असतील तर ते कालचे.

पायरी ८: नकला

नक्कल म्हणजे फसवणूकच असं नाही. इटलीतली उबेर्ती हेन्री, १८६६ आणि १८७३ च्या उत्तम प्रतिकृती उघडपणे विकते. ब्राझीलची रॉसी १८९२ बनवते, जपानची मिरोकू आजच्या विंचेस्टर बनवते. घोटाळा होतो तो कुणी त्यांना मुद्दाम म्हातारं करतं तेव्हा. इटालियन रायफलीवर ताऱ्याखाली ‘पीएन’ किंवा ‘पीएसएफ’ असा चाचणी-शिक्का आणि चौकटीतली सालाची अक्षरं असतात. तिथं घासून खोलगट झालेली जागा दिसली तर शिक्का पुसला आहे असं समजा. स्पेनमधल्या एबार गावची ‘एल तिग्रे’ ही १८९२ ची जुनी नक्कल, पहिल्या महायुद्धापासून १९३० च्या दशकापर्यंत बनलेली. ती स्वतःच आता जुनी झाली आहे आणि म्हणूनच जास्त चकवते.

काउबॉय चित्रपटांवर विसंबू नका. १८६० चा काळ दाखवताना हॉलिवूडनं कित्येकदा १८९२ च दिली आहे.

१८७३ ची ‘वन ऑफ वन थाउजंड’ ही निवडक नगांची आवृत्ती दीडशेहूनही कमी निघाली. नळीवर ती अक्षरं दिसली तर वहीतली नोंद मिळेपर्यंत विश्वास ठेवू नका.

पायरी ९: दोन रायफली शेजारी ठेवा

ओळख पक्की होते ती तुलनेनं. नव्या माणसानं दोन जोड्या आधी कराव्यात. पहिली, .४४-४० मधली १८७३ आणि १८९२. काडतूस तेच, पण हातात घेतल्याबरोबर १८९२ हलकी आणि आटोपशीर लागते. तरीही तिचं कुलूप जास्त मजबूत. १८७३ ची चाल मऊ, यंत्र उघडून दाखवण्यासारखं, आणि वय मोठं. संग्राहक १८७३ कडे वळतात, वापरणारे १८९२ कडे. दुसरी जोडी, विंचेस्टर १८९४ आणि मार्लिन १८९३. एक सडपातळ, वरून उघडी, लिव्हर उघडताच पोट खाली सोडणारी. दुसरी भरीव, बंद माथ्याची. दोन्हींत .३०-३०. दोन्हींत काडतुसं एकामागं एक नळीत बसतात, म्हणून गोळीचं टोक चपटं लागतं. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर ठोसा मारू शकते.

एका जोडीला वहीचं एक पान द्या: कुलूप, रिसीव्हर, नळीची लांबी, काडतूस, क्रमांकाची जागा, शिक्के, लाकडाची उंची, स्क्रू. दहा पानं भरली की डोळा तयार होतो.

कायद्याचं आणि निगेचं

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटीक’ धरतात. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. भारतात मात्र वयानं सूट मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सवलत आहे ती दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला. गावाकडच्या वाड्यात, माळ्यावर आजोबांची बंदूक निघाली तर ती घेऊन गावभर फिरू नका. आधी परवान्याची कागदपत्रं शोधा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिसांकडे चौकशी करा. शंभर वर्षांपुढची वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

जुनी रायफल आजच्या काडतुसांनी झाडायची नाही, विशेषतः गुडघेवाली. आधी जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या.

साफ करताना तारेची घासणी, पितळेचं पॉलिश, वॉर्निश यांतलं काहीही नको. मऊ फडकं आणि हलकं तेल पुरे. पिवळ्या रिसीव्हरवरची मध-तपकिरी साय दीडशे वर्षांनी आलेली असते. ती एका दुपारी घासून काढली की परत येत नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतून उन्हाळ्यात यलोस्टोनला जाणारे पुष्कळ. कोडी तिथल्या पूर्व दारापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. एक दिवस जास्तीचा काढा आणि वर लिहिलेली सगळी मॉडेलं काचेपलीकडे ओळीनं बघा. नेवाडातली ती रायफल उपचार होऊन पुन्हा आपल्या पार्कमध्ये गेली आहे. तिला नवी करायचा कुणी प्रयत्न केला नाही, फक्त ती आणखी झडू नये एवढी काळजी घेतली. तिची नळी अजून तांबूस आहे आणि लाकडातल्या भेगा तशाच आहेत.